मदत हवी आहे : ‘फ्लाउट’ नेमकं कुठे वापरायचं?

नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागला स्पर्धा परीक्षेच्या मुलांना इंग्रजी शिकवते. ‘फ्लाउट’ या क्रियापदावर वर्गात गाडी अडली आहे.

मूळ अर्थ स्पष्ट आहे: नियम माहीत असून तो उघडउघड धाब्यावर बसवणं. ‘फ्लॉन्ट’ म्हणजे मिरवणं, तो शब्द वेगळा. एवढं मुलांना पटलंय.

अडचण पुढे आहे. सध्या उसाचा हंगाम, त्यामुळे एकाने वाक्य केलं की मागे रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या नियम ‘फ्लाउट’ करतात. एका मुलीचं म्हणणं, चालकाला नियमच ठाऊक नसेल तर ‘व्हायोलेट’ (नुसतं नियम मोडणं) म्हणावं, कारण त्यात मुद्दाम केल्याचा आरोप नाही. मला तिचं पटतं. पण तोच चालक दंड भरूनही दुसऱ्या दिवशी तसाच निघाला तर ‘फ्लाउट’च ना? आणि उघडपणा लागतोच, की लपूनछपून मोडलेल्या नियमालाही हा शब्द चालतो? इथे मी अडले आहे.

शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १७७ मध्ये कायदा मोडण्याला ‘काँट्राव्हीन’ आहे, कॉपीराइटच्या भंगाला ‘इन्फ्रिंज’, करार मोडण्याला ‘ब्रीच’. बातमी लिहिताना यांच्या जागी ‘फ्लाउट’ घातलं तर ते चूक, की नुसता सूर चढतो?

कोर्टात, वर्तमानपत्रात काम करणाऱ्यांनी कृपया एकेक खरं वापरातलं वाक्य द्यावं. नुसता प्रतिशब्द नको, मुलांना फरक दाखवायचा आहे.