पाठीवरच्या पुळ्या आणि केसतोड : सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

स्मिता (बी-२०४): नमस्कार. ओंकारच्या छातीवर, पाठीवर बारीक पुळ्या आल्यात. जिम सुरू केल्यापासून वाढल्या. दुकानातून ट्यूब आणली, तर आधी लाली गेली आणि आता दुप्पट उठल्यात. रात्रभर खाजवतो. फोटो टाकलाय.

मालतीकाकू (ए-१०१): अगं, केसतोडं असतील. कणकेचं पोटीस बांध हळद घालून. पू निघून गेला की झालं.

डॉ. मेघा (सी-५०१): स्मिता, फोटो आधी डिलीट कर आणि मला वेगळा पाठव. एवढ्या मोठ्या मुलाला स्वतःची पाठ सगळ्या सोसायटीने बघितलेली आवडायची नाही. आणि ट्यूबवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते सांग.

स्मिता: केला डिलीट. क्लोबेटासोल, जेंटामायसिन, मायकोनाझोल.

डॉ. मेघा: ही आजपासून बंद. क्लोबेटासोल हे फार तीव्र स्टेरॉइड आहे. लाली त्यानेच गेली, पण त्वचेची प्रतिकारशक्तीही त्यानेच दाबली. जास्त दिवस लावलं तर कातडी पातळ होते, जांघेत-काखेत कायमचे पट्टे उमटतात. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून सरकारने २०१८ मध्ये नियम कडक केले, तरी ती सर्रास मिळतात. मला याची खरंच चीड येते, कारण ओपीडीत रोज अशी बिघडलेली त्वचा बघते.

स्मिता: मग हे केसतोड नाही का?

डॉ. मेघा: केसाच्या मुळाशी सूज आहे हे नक्की, पण ती कशाने आली त्यावर औषध ठरतं. केसतोड बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस नावाच्या जिवाणूने होतं. एखाद-दुसरं येतं, मधोमध केस, टोकाला पिवळा पू, आणि ते खाजण्यापेक्षा दुखतं जास्त. ओंकारच्या फोटोत सगळ्या पुळ्या एकसारख्या आहेत, एकाच मापाच्या, आणि त्याची मुख्य तक्रार खाजेची आहे. शिवाय जागा छाती, पाठ, खांदे. हे मॅलासेझिया या बुरशीचं दिसतंय. ती आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर असते, तेलावर जगते, घाम आणि घट्ट कपडे मिळाले की केसाच्या मुळात वाढते. मुरुम समजून अँटिबायोटिक दिलं तर जिवाणू मरतात आणि तिला रान मोकळं मिळतं. फोटोवरून पक्कं सांगत नाही. उद्या घेऊन ये, पुळी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघू, लगेच कळतं.

स्मिता: तोवर काय करू?

डॉ. मेघा: अंगाला तेल चोळणं बंद. जिमहून आला की लगेच अंघोळ, घामाचा टीशर्ट परत घालायचा नाही. बुरशीच निघाली तर केटोकोनाझोलचा शाम्पू अंगाला लावून पाच मिनिटांनी धुवायचा. जास्त असेल तर गोळ्या, पण त्या मी बघून देईन.

मालतीकाकू: म्हणजे पोटीस चुकीचंच म्हणायचं?

डॉ. मेघा: नाही काकू, खऱ्या केसतोडाला शेक हाच पहिला उपाय, तेवढं तुमचं बरोबर आहे. फक्त कणकेऐवजी स्वच्छ फडकं कोमट पाण्यात पिळून दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. पू आपणहून बाहेर येऊ दे, दाबायचं नाही. नाक आणि वरच्या ओठाजवळचं तर अजिबात नाही, कारण तिथल्या शिरांचा संबंध थेट मेंदूजवळच्या शिरांशी आहे. पापणीवरची रांजणवाडीही केसाच्या मुळाचीच, तिलाही शेकच.

रोहित (ए-३०३): डॉक्टर, माझ्या मानेला दाढीनंतर दर वेळी लाल दाणे येतात. ब्लेड बदलून झालं.

डॉ. मेघा: कुरळे केस आहेत ना? कापलेलं टोक वळून परत कातडीत घुसतं, त्याची ती सूज. तिथे जंतू असतीलच असं नाही. कातडी ताणून उलटी दाढी करू नकोस, केसाच्या दिशेने कर. महिनाभर ट्रिमर वापरून बघ.

सुजाता (बी-४०२): आमच्याकडे आलटून पालटून सगळ्यांना केसतोडं येतात. रक्त खराब आहे का?

डॉ. मेघा: रक्ताचा दोष नाही. साधारण दहातल्या तीन जणांच्या नाकात हा जिवाणू गुपचूप राहतो, तिथून बोटाने, टॉवेलने घरभर फिरतो. टॉवेल आणि रेझर प्रत्येकाचे वेगळे करा. पुढचं केसतोड आलं की पू तपासायला देऊ, कोणतं औषध लागू पडतं ते समजेल. नाकातल्या जंतूसाठीही मलम असतं. घरातल्या मोठ्यांची साखर एकदा तपासून घ्या.

नीलेश (सी-२०२): साखरेवरून विचारतो. बाबांना मधुमेह आहे. मानेच्या मागे गळू आहे, चार दिवस झाले. तीन-चार तोंडं दिसतात. काल रात्री थंडी वाजली.

डॉ. मेघा: नीलेश, ताप किती आहे? साखर मोजली का?

नीलेश: ताप १०१. साखर आत्ता ३१०.

डॉ. मेघा: ही काळपुळी आहे. शेजारशेजारची मुळं आतून एकत्र पिकलीत. मधुमेहात हे झपाट्याने पसरतं. घरी शेकत बसू नका, आत्ताच हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या. चिरा देऊन पू काढावा लागेल, शिरेतून अँटिबायोटिक लागेल. साखरेच्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घे.

रोहित: नीलेश, गाडी काढतो. गेटला ये.

नीलेश: आलो. आईला एकटीला कसं ठेवू?

मालतीकाकू: मी निघाले तुमच्याकडे. दार उघडं ठेवायला सांग तिला.

नीलेश (रात्री ११:४०): चिरा दिला. बाबांना दाखल करून घेतलंय, इन्सुलिन सुरू केलं. डॉक्टर म्हणाले, रोज ड्रेसिंग लागेल.

डॉ. मेघा: बरं झालं. पू तपासायला पाठवलाय का विचार, रिपोर्ट आला की मला दाखव. स्मिता, ओंकारला उद्या सकाळी दहाला आण, आज आणि उद्या काहीही लावू नकोस.