मदत हवी आहे: ओझरच्या विमानांचा आवाज मोजायचा कसा?

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकच्या ओझर विमानतळाजवळ, जानोरी शिवारात राहतो. सुखोई लढाऊ विमानांच्या गडगडाटाची इथल्या कानांना सवय आहे, पण सिंहस्थासाठी विमानतळ वाढतोय म्हटल्यावर रात्रीच्या प्रवासी विमानांची धास्ती वाटते. विस्तार अडवायचा नाहीये, शेतमाल विमानानं जावा हे आम्हालाही हवंच.

केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत विमानतळ परिसरासाठी दिवसा सरासरी ६५ आणि रात्री ६० डेसिबलची मर्यादा आहे. जास्त वर्दळीच्या विमानतळांना वर आणखी ५ ची सूट. (वर्दळ वाढली की मर्यादाही सैल, गंमतच आहे!)

विस्ताराआधीचे आकडे आत्ताच नोंदवून ठेवावेत म्हणतो, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार? मोबाइल अ‍ॅपवरची मोजणी प्रदूषण नियंत्रण मंडळ ग्राह्य धरतं का, की प्रमाणित यंत्रच लागतं? पुण्या-मुंबईकडे कुणी असा पाठपुरावा केला असेल, तर अर्ज कुणाकडे दिला तेवढं सांगा.