डेंग्यू दुसऱ्यांदा झाला की जास्त धोका म्हणे, मग पहिल्या वेळची इम्युनिटी गेली कुठे?

पत्र्याची_खोली (मंगळवार, रात्री ११.४०)

लोकहो, डोकं चालत नाहीये म्हणून इथे विचारतो. बायकोला परवा रात्रीपासून ताप, १०३ च्या खाली यायचं नाव नाही, डोळ्यांच्या मागे दुखतंय आणि कंबर तर कोणी काठीने बडवल्यासारखी झालीय म्हणते. आज रक्त दिलं, संध्याकाळी रिपोर्ट आला. डेंग्यू. एनएस-वन पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह, प्लेटलेट १ लाख २० हजार. डॉक्टरांनी विचारलं आधी कधी झाला होता का, तर हो, २०१८ ला नागपूरला माहेरी असताना झालेला, तेव्हा घरीच आठवड्यात बरी झाली होती. तर म्हणाले "मग दुसऱ्यांदा आहे, जरा जास्त लक्ष ठेवा, आणि ताप उतरला की लगेच दाखवायला या." बाहेर ही गर्दी, जास्त काही विचारताच आलं नाही.

आता माझा प्रश्न असा की शाळेत आपण काय शिकलो, एकदा रोग होऊन गेला की अँटीबॉडी तयार होतात आणि तो रोग परत होत नाही. गोवर तसाच, कांजिण्या तशाच. मग इथे उलटी गंगा कशी? आयजीजी म्हणजे जुन्या अँटीबॉडीच ना, त्या आहेत तर बरंच की! आणि ताप *उतरला की* या म्हणजे काय, चढला की जायचं असतं ना? सासूबाई पपईच्या पानांचा रस घेऊन उभ्या आहेत, मेहुणा किवी शोधायला गेलाय. कोणी नीट समजावून सांगा, फक्त घाबरवू नका.

जांभळी_टोपी (मंगळवार, रात्री ११.५८)

पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, १४ वर्षं झाली (आयडी का असा ते सीबीसीची ट्यूब बघितलेल्यांना कळेल). डॉक्टर नाही हे आधीच सांगतो, रिपोर्टपुरतं बोलतो.

एनएस-वन हे व्हायरसचंच प्रोटीन, ते पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तात सापडतं. म्हणजे आत्ता व्हायरस अंगात आहे. आयजीएम ही ताज्या लढाईची अँटीबॉडी, तिला यायला चार-पाच दिवस लागतात म्हणून आज निगेटिव्ह, त्यात नवल काही नाही. आयजीजी मात्र पहिल्यांदाच डेंग्यू झालेल्याला आठवडाभराने वगैरे दिसते. कार्डवर सीरमचा थेंब टाकला, वर बफर टाकलं, पंधरा मिनिटांनी जीची रेघ ठळक, एमची जागा कोरी, आणि पेशंट म्हणतोय ताप कालपरवापासूनच आहे, असं दिसलं की आम्हाला कळतं की हे गिऱ्हाईक जुनं आहे. शरीराने हा चेहरा आधी बघितलाय. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर पकडलं.

धोका जास्त का ते मास्तर सांगतील, ते या वेळेला जागेच असतात.

सूक्ष्म_मास्तर (बुधवार, रात्री १२.३५)

जागाच आहे, पेपर तपासतोय, आणि खरं सांगायचं तर हा प्रश्न त्या पेपरांपेक्षा बरा आहे.

धागाकर्ते, शाळेत शिकवलं ते खोटं नाही, अर्धं आहे. गोवराचा व्हायरस अँटीबॉडीच्या दृष्टीने एकच, एकदा ओळख पटली की जन्माची पटली. डेंग्यू नावाचे मात्र चार आहेत, टाईप १ ते ४. चार सख्खे भाऊ समजा, तोंडवळा सारखा पण माणसं वेगळी. ज्याचा होऊन गेला त्याच्यापासून बहुतेक आयुष्यभर संरक्षण मिळतं, बाकीच्या तिघांपासून थोडे महिनेच. २०१८ ला वहिनींना एक भाऊ भेटला होता, आत्ता दुसरा आलाय.

आता आत काय चालतं ते बघा. डास चावला की व्हायरस आधी कातडीतल्याच पहारेकरी पेशींत शिरतो. त्या पेशी इंटरफेरॉन सोडतात, ही शेजाऱ्यांना घातलेली हाळी, की दारं लावून घ्या. ताप, अंगदुखी, ते डोळ्यामागचं ठणकणं, यातलं बरंचसं या हाळीमुळे असतं, व्हायरस काही कंबरेत बसून दातओठ खात नसतो. मग लसिका गाठींमध्ये बी-पेशी कामाला लागतात, अँटीबॉडी तयार करायला. पहिल्यांदा याला आठवडा लागतो. पण बरं झाल्यावर त्यातल्या काही बी-पेशी आठवण ठेवून मागे राहतात आणि पुढच्या वेळी दोन दिवसांत कारखाना सुरू. हीच ती इम्युनिटी. डेंग्यूत घोटाळा इथेच होतो, कारण दुसरा भाऊ आला की त्या पेशींना वाटतं तोच आला, आणि त्या जुन्याच मापाच्या अँटीबॉडी धडाधड काढायला लागतात.

लहानपणी बेचकी वापरली असेल ना? अँटीबॉडी दिसायला तश्शी. वरच्या दोन फाट्यांनी व्हायरस पकडायचा आणि खालचा दांडा मोकळा. हा दांडा म्हणजे आपल्या मोठ्या भक्षक पेशींसाठी मूठ, मॅक्रोफाज वगैरे, त्या दांडा धरतात आणि सगळंच्या सगळं गिळून आत जिरवतात. माप बरोबर असेल आणि पुरेशा अँटीबॉडी असतील तर व्हायरस चहूबाजूंनी झाकला जातो, निकामी होतो, आत गेला की खलास. माप चुकीचं असेल तर अँटीबॉडी चिकटते पण व्हायरस जिवंतच राहतो. आणि डेंग्यूला वाढायला नेमक्या कुठल्या पेशी आवडतात? याच, भक्षक पेशी. एरवी त्याला तिथे शिरायला खटपट करावी लागते, आता आपल्याच अँटीबॉडीने त्याला दांड्याला धरून आत नेऊन सोडलं. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हे. व्हायरस भराभर वाढतो, त्या पेशी घाबरून रसायनांचा पूर सोडतात, रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात आणि रक्तातलं पाणी बाहेर झिरपायला लागतं. एनएस-वन प्रोटीन स्वतःही त्या भिंतींचं आतलं अस्तर खरवडतं, तो त्याचा वेगळा उद्योग.

ही नुसती थिअरी नाही बरं का. साठच्या दशकात स्कॉट हॉलस्टेड नावाचा अमेरिकन डॉक्टर बँकॉकमध्ये होता, त्याला दिसलं की गंभीर होणाऱ्या मुलांत दुसऱ्यांदा डेंग्यू झालेली खूप, आणि दुसरा गट एकदम तान्ह्या बाळांचा. बाळांना तर पहिल्यांदाच झालेला! मग? आईकडून आलेल्या अँटीबॉडी. जन्मल्यावर त्या भरपूर असतात तोवर बाळ सुरक्षित, सहाएक महिन्यांनी उतरत उतरत अर्धवट राहिल्या की तेव्हाच धोका. क्युबाचं उदाहरण तर माझं आवडतं (आवडतं म्हणजे शिकवायला, गैरसमज नको). तिथे १९७७ ला टाईप १ ची साथ आली, फार कोणी गंभीर झालं नाही. १९८१ ला टाईप २ आला आणि ३ लाख ४४ हजारांवर केसेस, १५८ मृत्यू, त्यातली १०१ मुलं. मग १९९७ ला सान्तियागो द क्युबात परत टाईप २, तर गंभीर झालेले जवळपास सगळे प्रौढ, कारण १९७७ ची आठवण अंगात असलेले तेच होते, मधे जन्मलेल्यांची पाटी कोरी. वीस वर्षांनीही.

घाबरवू नका म्हणालात म्हणून हेही सांगतो की दुसऱ्यांदा झालेल्यांतले बहुतेक लोक साधेच बरे होतात, गंभीर होतात ते शंभरातले मोजके. ते मोजके वेळेवर ओळखायचे एवढंच काम आहे, आणि ती वेळ ताप उतरतानाचीच. व्हायरस कमी व्हायला लागलेला असतो, आपलं सैन्य मात्र ऐन भरात, आणि झिरपणं त्या २४ ते ४८ तासांत होतं. घरचे म्हणतात चला ताप गेला, सुटलो. तेव्हाच बीपी पडतं.

खानदेशी_ठेचा (बुधवार, सकाळी ७.१०)

मास्तर, एक नंबर. पण पपईच्या पानाला नावं ठेवू नका हां, माझ्या चुलतभावाला प्लेटलेट २२ हजार होत्या, दोन दिवस रस दिला आणि तिसऱ्या दिवशी ९० हजार. डोळ्यांनी पाहिलंय. शेळीचं दूध पण दिलं, अर्धा लिटर चारशेला पडलं, तालुक्यात शेळीवाल्यांनी डेंग्यूत बंगले बांधलेत. एकंदर इम्युनिटी वाढवायची असेल तर गुळवेल चालेल का ते सांगा.

जांभळी_टोपी (बुधवार, सकाळी ९.२५)

ठेचाभाऊ, रस कितव्या दिवशी दिला होता? पाचव्या-सहाव्या ना? त्यानंतर प्लेटलेट आपल्या आपणच वर येतात, रोज ट्यूबा लावतो म्हणून सांगतो, रस घेतलेल्यांच्याही येतात आणि न घेतलेल्यांच्याही. प्लेटलेट किंचित लवकर चढल्याचं दाखवणारे छोटे अभ्यास आहेत, पण त्याने जीव वाचतात असं कोणी दाखवलेलं नाही. आणि तो रस इतका कडू की आधीच मळमळणारा माणूस पटकन ओकतो, पोटातलं होतं ते पाणीही जातं. शेळीच्या दुधाबद्दल बोलत नाही, शेळीवाले आमचे पाहुणे आहेत.

लोक प्लेटलेटच्या आकड्याला देवासारखं धरून बसतात. धागाकर्ते, रिपोर्टमध्ये पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचं प्रमाण) लिहिलेला आकडा बघा. रक्तातलं पाणी बाहेर गेलं की रक्त घट्ट होतं आणि तो चढतो. प्लेटलेट खाली, पीसीव्ही वर, ही जोडी दिसली की आम्ही रिपोर्ट पाठवायची वाट बघत नाही, थेट डॉक्टरांना फोन करतो. पोटात जोरात दुखणं, उलट्या थांबत नसणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गळाठून पडणं किंवा उगाच बेचैन होणं, हातपाय गार, लघवी कमी, यातलं काहीही झालं तर ताप असो नसो, उचलायचं आणि जायचं. तापाला पॅरासिटामॉलच, ॲस्पिरिन-आयब्युप्रोफेन नाही.

सूक्ष्म_मास्तर (बुधवार, दुपारी १.०५)

"इम्युनिटी वाढवायची" हा शब्दप्रयोग ऐकला की माझं बीपी वाढतं. ठेचाभाऊ, वरचं सगळं परत वाचा. इथे इम्युनिटी कमी पडली म्हणून त्रास होत नाहीये, ती आहे, भरपूर आहे, चुकीच्या मापाची आहे. वाढवून काय करणार, चुकीची अजून वाढवणार? निकाराग्वात मानाग्वाच्या हजारो मुलांना वर्षानुवर्षं तपासून २०१७ ला दाखवलंय की ज्यांच्यात अँटीबॉडी अजिबात नव्हत्या त्यांना गंभीर डेंग्यूचा धोका कमी, ज्यांच्यात भरपूर होत्या त्यांनाही कमी, मधल्या एका पट्ट्यातल्यांना सातपटीहून जास्त. आमटीत मीठ बेताचं, मधलं बरं असतं, इथे मधलंच वाईट. गुळवेल चहात घालून प्या, हरकत नाही, पण सल्ला म्हणून पेशंटच्या नातेवाईकांना देऊ नका.

उंबरठा (बुधवार, संध्याकाळी ६.५०)

मग याची लस कशी काय बनवणार? लस म्हणजे पण खोटी पहिली वेळच ना?

सूक्ष्म_मास्तर (बुधवार, रात्री ९.३०)

उंबरठाताई, हाच तर फास आहे. (ताई की दादा माहीत नाही, चुकलो असेन तर सोडून द्या.) फिलिपीन्समध्ये २०१६ पासून डेंग्वॅक्सिया ही लस शाळेतल्या आठ लाखांवर मुलांना दिली गेली. २०१७ च्या नोव्हेंबरात कंपनीनेच जाहीर केलं की ज्यांना आधी कधीच डेंग्यू झालेला नाही त्यांना लशीनंतर खरा डेंग्यू झाला तर तो गंभीर होण्याची शक्यता जास्त. तुम्ही म्हणता तसंच, लस ही खोटी पहिली वेळ ठरली. कार्यक्रम बंद झाला आणि तिथल्या लोकांचा बाकीच्या लशींवरचाही विश्वास उडाला, ते नुकसान वेगळंच. ज्यांना एकदा होऊन गेलाय त्यांना मात्र ती फायद्याची होती. त्यामुळे आता लस करायची तर चारही भावांविरुद्ध एकदम आणि तुल्यबळ संरक्षण देणारी हवी, तीन पक्के एक कच्चा चालत नाही. आपल्याकडे ऑगस्ट २०२४ मध्ये डेंगीऑल या चारही टाईपच्या लशीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू झाली, आयसीएमआर (सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) आणि पॅनेशिया बायोटेक कंपनी मिळून, दहा हजारांवर लोकांवर. आणि आयसीएमआरच्याच २०१७-१८ च्या पाहणीत देशातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या रक्तात डेंग्यूच्या अँटीबॉडी सापडल्या होत्या, म्हणजे इथे हा धागा वाचणाऱ्या निम्म्यांची "पहिली वेळ" न कळत होऊन गेलेली असू शकते, साधा व्हायरल म्हणून दोन गोळ्या खाल्ल्या असतील.

पत्र्याची_खोली (सोमवार, रात्री १०.१५)

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितोय. बुधवारी मध्यरात्रीनंतर ताप उतरला. सकाळी ही चक्क उठून म्हणाली भूक लागलीय, सासूबाईंनी मऊ भात टाकला, मीसुद्धा ऑफिसला निघायच्या बेतात होतो. तुमचं वाचलं नसतं तर गेलोच असतो. अकराच्या सुमारास म्हणाली पोटात कसंतरी होतंय, हात लावला तर पंजे गार, कपाळाला घाम. रिक्षा काढली आणि गेलो. तिथे दंडाला बीपीचा पट्टा फुगवून पाच मिनिटं तसाच ठेवला, सोडल्यावर कोपराच्या आतल्या बाजूला लाल ठिपके, सुईने टोचल्यासारखे, नर्सने इंचभर चौकोन आखून मोजले, पंचवीस निघाले. पीसीव्ही मंगळवारी ३७ होतं ते ४४. प्लेटलेट ३८ हजार. ॲडमिट करून घेतलं, सलाईन, दर थोड्या वेळाने बीपी आणि लघवीचं माप. प्लेटलेट चढवा म्हणून मी हटून बसलो होतो, डॉक्टर म्हणाले रक्त जात नाहीये, गरज नाही. शनिवारी ७१ हजार झाल्या, काल घरी आलो. रस दिला नाही, सासूबाई अजून माझ्याशी तुटक बोलतात.

एक राहिलंच, हा कितव्या टाईपचा होता ते कुठे कळेल? रिपोर्टवर काहीच नाही.

जांभळी_टोपी (सोमवार, रात्री १०.४०)

वा, वाचून बरं वाटलं. टाईप साध्या लॅबमध्ये कळत नाही, त्यासाठी पहिल्या काही दिवसांत पीसीआर करावी लागते, आता वेळ गेली. उपचार तसेही सारखेच. वहिनींना अजून आठ-दहा दिवस थकवा राहील, जिन्यावरून घाई नको.

आणि घरात पाणी कुठे साठतं ते बघितलंत का? हा दिवसाचा डास आहे, फार लांब उडत नाही. पुष्कळदा तो पेशंटच्या घरातच जन्मलेला असतो.

पत्र्याची_खोली (सोमवार, रात्री ११.२०)

कुंड्या बघितल्या होत्या, कूलर पण, कोरडे होते. तुमचं वाचून आत्ता फ्रिज पुढे ओढला, मागे खाली एक ट्रे असतो हेच मला माहीत नव्हतं. टॉर्च मारला तर अळ्या वळवळत होत्या, पंधरावीस तरी. ट्रे गच्चीवर नेऊन उन्हाळ्यातल्या तापलेल्या सिमेंटवर ओतला असता, पण आत्ता पाऊस, म्हणून बाथरूममध्ये उकळतं पाणी ओतलंय. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या, पहिल्यांदाच नीट बोलल्या, म्हणाल्या फ्रिज कोणी आणला होता?