घटस्फोटाच्या प्रकरणात वकील प्रतिसादच देत नाहीत; काय करावे?

प्रश्न

पतीने पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोटाचा अर्ज दाखल केला असून मी त्यात जाबदार आहे. माझ्या वकिलांनी लेखी म्हणणे आणि अंतरिम पोटगीचा अर्ज दाखल केला, निम्म्याहून अधिक फी घेतली, आणि त्यानंतर ते फोनही उचलेनासे झाले. कार्यालयात गेल्यावर कारकून ‘साहेब कोर्टात आहेत, तारीख कळवू’ एवढेच सांगतात. विवाह नोंदणीचा मूळ दाखला आणि मुलीच्या शाळेच्या पावत्या त्यांच्याकडेच आहेत. दुसरे वकील म्हणतात की, आधीच्या वकिलांचे ना हरकत पत्र आणल्याशिवाय ते वकीलपत्र दाखल करणार नाहीत. जे भेटतच नाहीत त्यांच्याकडून हे पत्र आणायचे कसे?

पहिले उत्तर

ताई, सर्वप्रथम ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर आपला सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा ओळख क्रमांक) घालून प्रत्येक तारखेला काय घडले ते स्वतः वाचा, कारण वकील तारखेला हजर राहून केवळ तुम्हाला कळवत नाहीत, की ते न्यायालयातच गैरहजर आहेत, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. तेथील नोंद त्रोटक असेल, तर न्यायालयातून रोजनाम्याच्या (प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदीच्या) नकला मागवा; पक्षकार म्हणून तो तुमचा हक्क आहे.

त्यानंतर वकिलांना पोचपावतीसह टपालाने पत्र पाठवा आणि त्यात सद्यःस्थितीची माहिती, मूळ कागद व ना हरकत पत्र या तिन्ही गोष्टी ठरावीक मुदतीत मागा. पत्राची भाषा सौम्य ठेवा, कारण तेच पत्र उद्या न्यायाधीशांसमोर ठेवावे लागेल. उत्तर आले नाही, तरी वाट बंद होत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियमांनुसार आधीच्या वकिलांची संमती मिळत नसल्यास नवे वकील त्याचे कारण देऊन न्यायालयाकडे अर्ज करू शकतात आणि परवानगी मिळाल्यावर हजर होऊ शकतात. हे नव्या वकिलांना आवर्जून सांगा. फी बाकी आहे म्हणून कागद अडवून ठेवण्याचा अधिकारही वकिलांना नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात तसे स्पष्ट केले आहे.

दुसरे उत्तर

वरील सल्ला योग्य आहे, पण वकील बदलण्याच्या धावपळीत पुढची तारीख चुकवू नका, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. कौटुंबिक न्यायालये अधिनियम, १९८४ च्या कलम १३ नुसार तेथे वकिलामार्फत बाजू मांडणे हा पक्षकाराचा हक्क मानलेला नाही, त्यामुळे तुम्ही स्वतः उभे राहून, मराठीतून, वकील संपर्कात नाहीत आणि मुदत हवी आहे, असे सांगू शकता व तसा लेखी अर्जही देऊ शकता. कोणीच हजर नसेल, तर प्रकरण एकतर्फी चालू शकते. एकतर्फी हुकूमनामा झालाच, तर तो रद्द करून घेण्याच्या अर्जाला सामान्यतः ३० दिवसांचीच मुदत असते.

तिसरे उत्तर

तक्रारीबाबत थोडेसे. वकिलांविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये ठरवले आहे. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते, परंतु त्यातून तुमचे प्रकरण पुढे सरकणार नाही, म्हणून आधी कागद आणि नवे वकील. पुन्हा फी भरणे अवघड असेल, तर मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तेथे उत्पन्नाची अट नसते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. नोंदी पाहिल्या. पोटगीच्या अर्जावर पतीचे म्हणणे आलेले नाही आणि आमचे वकील गैरहजर असल्याने तो अर्ज नुसताच पुढे ढकलला गेला आहे. पुढच्या तारखेला मी स्वतः जाणार आहे.

पहिले उत्तर देणारे

मग त्या दिवशी दोन गोष्टी जरूर मांडा. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे असा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढायचा असतो. शिवाय रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालानुसार दोन्ही पक्षांनी मालमत्ता व दायित्वांचे प्रतिज्ञापत्र देणे आवश्यक आहे; तुमचे दाखल झाले आहे का, ते आधी तपासा, कारण ते राहिले असेल, तर विरुद्ध पक्ष त्याच कारणावरून मुदत मागेल.