टाकीत माणूस उतरवू नका

सचिव (ए-१०३), स. ७:१०
नमस्कार. हाऊसकीपिंगची आणि गेटवरची माणसं आज आलेली नाहीत. दोन महिन्यांचा पगार थकलाय म्हणून काम बंद आहे. कचरा घरातच ठेवावा. सी विंगमागे एसटीपीची (सोसायटीचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची) टाकी भरून चेंबरमधून पाणी वर येतंय, लहान मुलांना तिकडे सोडू नये.

सी-२०४
माझ्या खिडकीखालीच आहे हो ते! सासूबाईंना दमा आहे, रात्रभर बसून काढली. मेंटेनन्स आपण वेळेवर भरतो, मग यांचा पगार अडतो कुठे?

ए-५०१
हे सरळ ब्लॅकमेलिंग आहे. नाक्यावरून दोन माणसं आणतो. दोन-दोन हजार दिले की उतरून गाळ काढतात. मागच्या वर्षी तेच केलं होतं.

बी-७०२
काका, हात जोडते, माणसं आणू नका. मागच्या वर्षी तो मुलगा कमरेला नायलॉनची दोरी बांधून उतरला, मी जिन्याच्या खिडकीतून बघत होते. वर आला आणि कठड्याला धरून ओकत बसला. कोणीतरी लांबूनच पाण्याची बाटली ठेवली. वाचला, हे त्याचं नशीब.
मे २०१९ मध्ये आपल्या ठाण्यात, घोडबंदर रोडलाच, ढोकाळीत, एका गृहसंकुलाच्या एसटीपीत सफाईला उतरलेले तीन कामगार गेले. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असेल तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो, पण जास्त झाला की नाकच बधिर होतं. माणसाला वाटतं, वास गेला. गाळ ढवळला की गॅस एकदम सुटतो. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो.
सुरक्षा साधनांशिवाय असं उतरवणं हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गटारातल्या मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं.

ए-९०४
ते ठीक आहे ताई, पण आज ऐकलं तर दर दोन महिन्यांनी काम बंद करतील.

खजिनदार (बी-३०२)
स्पष्टच सांगतो. लॉबीच्या फुटलेल्या टाइल्सचे पैसे ही माणसं पुरवणारी एजन्सी देईना, म्हणून समितीने मे-जूनचं बिल रोखलंय.

बी-७०२
म्हणजे पगार आपण अडवलाय! टाइल्स कोणी फोडल्या, भांडण कोणाशी, आणि उपाशी कोण?
काल झाडूवाल्या मावशी गेटवर भेटल्या. दिव्याहून येतात. रेल्वेचा पास संपलाय, उसने घेऊन तिकीट काढतात. म्हणाल्या, "ताई, कचरा राहिला म्हणून तरी कोणी विचारलंत." मला उत्तर सुचलं नाही. २२ मार्च २०२० ला पाच वाजता याच बाल्कन्यांतून आपण थाळ्या वाजवल्या होत्या. नंतर लोकल बंद झाल्या तेव्हा यातलीच चार माणसं पोडियमच्या पार्किंगमध्ये गाद्या टाकून राहिली.
आणि आजचा प्रकार आजचा नाहीच. एसटीपी ऑपरेटरने नोंदवहीत तीनदा लिहिलंय, मी काल पानांचे फोटो काढलेत: स्लज (गाळ उपसायचा) पंप बंद, ब्लोअर (हवा सोडायचं यंत्र) बंद, टाकीच्या झाकणाचं बिजागर तुटलेलं. पहिली नोंद एप्रिलची. त्या झाकणापासून दहा पावलांवर मुलं क्रिकेट खेळतात. ज्याने लिहिलं, त्याचाच पगार थांबला.
आज दोन महिन्यांचा पगार थेट कामगारांच्या खात्यात टाका, तेवढी रक्कम एजन्सीच्या बिलातून वजा करा. टाइल्सचं नंतर भांडू. ए-९०४, पगार वेळेवर झाला तर काम बंद कशाला करतील?

सी-२०४
पगार द्याच. पण आज वासाचं काय?

बी-७०२
सक्शनची गाडी. वरून पाइप टाकून उपसतात, आत कोणी जात नाही.

ए-५०१
तो ओकत होता हे मला आत्ता कळतंय. मी पैसे देऊन निघून गेलो होतो. माणसं नाही आणत. गाडीवाल्याचा नंबर आहे माझ्याकडे, करतो फोन.

सचिव
थेट खात्यात देण्यावर संध्याकाळी सहाला क्लब हाऊसमध्ये तातडीची सभा. खजिनदारांनी चेकबुक आणावं.

ए-९०४
माझा विरोध नोंदवा. येतो सभेला.

बी-७०२
नोंदवही मीच घेऊन येते.

ए-५०१, स. ११:४०
गाडी मानपाड्याच्या ट्रॅफिकमध्ये आहे. गेटवर कोणी नाही, मी खाली उभा राहतो. सी विंगवाल्यांनी मागच्या गाड्या काढा.