बाबांना ११ इंची टॅब हातात जड होतोय, काय करावं?

मनीषनगर_वाली

नमस्कार मंडळी. माझे बाबा ७१ वर्षांचे आहेत, रेल्वेतून रिटायर झालेले, सकाळी ई-पेपर, दुपारी कीर्तन, संध्याकाळी परत राहिलेला पेपर असा त्यांचा दिवस असतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मोबाईलवरची बारीक अक्षरं त्यांना नको झाली म्हणून भावानं दिवाळीत ११ इंची टॅब घेऊन दिला. अक्षरं मोठी दिसतात म्हणून बाबा जाम खूष, आम्हीपण खूष. पण आता काही दिवसांपासून डावा अंगठा मनगटापाशी दुखून राहिला म्हणतात, कारण डाव्या हातात टॅब धरायचा अन् उजव्या हातानं सरकवायचं, असं तास-दीड तास चालते. दिवाणावर उशीला टेकून बसतात नाहीतर सरळ आडवे होतात, अन् डुलकी लागली की टॅब छातीवर पडतो, मला तीच जास्त भीती वाटते.

डब्यावर वजन ४८० ग्रॅम लिहिलेलं आहे. हे जड आहे का? ८ इंची घेतला तर खरंच फरक पडेल का परत अक्षरांचा त्रास सुरू होईल? स्टँड आणून दिला होता, पण हातात धरल्याशिवाय पेपर वाचल्यासारखं वाटत नाही म्हणून तो कोपऱ्यात पडून आहे. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं टॅब वापरतात त्यांनी प्लीज सांगा.

धरमपेठ_कट्टा

ताई, सरळ लहान घ्या. माझ्याकडे आयपॅड मिनी आहे, ८.३ इंच, २९३ ग्रॅम, एका हातात मस्त बसतो, मी तर रात्री झोपून तासन्तास वाचतो. महाग आहे हे खरं. बजेट कमी असेल तर सॅमसंगचा टॅब ए९ पाहा, ८.७ इंच, ३३२ ग्रॅम. अर्धा किलो हातात धरून वाचायचं म्हणजे या वयात त्रास होणारच.

मेकॅनिकल_वाला

ताई, नुसत्या ग्रॅमवर जाऊ नका, यात थोडा हिशेब आहे तो सांगतो, कारण दुकानात हे कोणीच सांगत नाही.

टॅब आपण मधोमध धरत नाही, कडेला धरतो. वजन मात्र मध्यावर असते. म्हणजे मनगटावर अन् अंगठ्यावर येणारा जोर = वजन गुणिले कडेपासून मध्यापर्यंतचं अंतर. दार बिजागरीपाशी ढकललं तर जड जाते अन् कडीपाशी ढकललं तर सहज उघडते, तोच नियम, फक्त इथं बिजागरी म्हणजे आपलं मनगट.

आता ११ इंची टॅब घ्या, म्हणजे ए९ प्लस वगैरे, वजन ४८०, लांबी साधारण २५.७ सेंटिमीटर, रुंदी १६.९. उभा धरला तर मध्य कडेपासून साडेआठ सेंटिमीटरवर. आडवा धरला तर जवळपास तेरावर. म्हणजे तोच टॅब, तेच ४८० ग्रॅम, पण नुसता आडवा केला की मनगटावरचा जोर दीडपट. आता ८.७ इंची पाहा, ३३२ ग्रॅम, रुंदी साडेबारा, मध्य सव्वासहावर. वजन तीस टक्केच कमी, पण गुणाकार करून पाहा, उभा धरल्यावर जोर निम्मा होतो. म्हणून लहान टॅब हातात घेतल्यावर डब्यावरच्या आकड्यापेक्षा खूपच हलका वाटतो. बाबा बहुतेक कीर्तन पाहताना आडवा धरत असतील, अन् पेपरचं पान मोठं दिसावं म्हणूनही आडवाच करत असतील, तर तिथं पहिले लक्ष द्या.

अन् दुसरी गोष्ट, कव्हर कोणतं आहे? मागे उघडणारं स्टँडवालं जाड कव्हर असेल तर ते एकदा काढून वेगळं तोलून पाहा. कव्हरचं वजन दुकानदार सांगत नाही अन् आपण विचारत नाही.

मनीषनगर_वाली

दादा, आत्ताच किचनच्या वजनकाट्यावर ठेवून पाहिला. कव्हर अन् वरची काच धरून ७५८ ग्रॅम! म्हणजे पावणेतीनशे ग्रॅम नुसतं कव्हर-काचेचंच. बर्डीवर (नागपूरचं सीताबर्डी मार्केट) टॅब घेतला तेव्हा दुकानवाल्यानं हेच कव्हर मजबूत आहे, पडला तरी काही होणार नाही म्हणून दिलं होतं. अन् हो, बाबा आडवाच धरतात, पेपरसुद्धा.

मेकॅनिकल_वाला

मग झालंच ना. ७५८ गुणिले १३ अन् ४८० गुणिले साडेआठ, दोन्ही करून पाहा. कव्हर काढून उभा धरला तर मनगटावरचा जोर निम्म्याहूनही कमी होतो, अन् तेही नवीन टॅब न घेता. आधी हे करा, मग ८ इंचीचा विचार करा.

अन् एक सांगू का, टॅब बनवणाऱ्या कंपन्यांनी वजन कमी करायला पंधरा वर्षं घासली आहेत. २०१० चा पहिला आयपॅड ९.७ इंचाचा होता अन् ६८० ग्रॅम भरायचा, २०१३ च्या आयपॅड एअरमध्ये तेवढाच स्क्रीन ४६९ ग्रॅमवर आला. २०२४ चा १३ इंची प्रो तर ५७९ ग्रॅमच आहे, म्हणजे पहिल्यापेक्षा मोठा असून हलका. अन् आपण दुकानातून निघायच्या आधीच त्यावर रबर अन् लोहचुंबक चढवून ते सगळं परत जिथल्या तिथं आणतो. मला याचं खरंच वाईट वाटते. लेनोवोनं २०१३ मध्ये योगा टॅब्लेट काढला होता तो आठवते का कोणाला, बॅटरी एका कडेला गोल नळीत घातली होती, म्हणजे वजनच हाताकडे आलं अन् धरायला जाड कडही मिळाली. असं डिझाइन सगळ्यांनी काहून उचललं नाही मला समजत नाही, वाचणाऱ्या माणसासाठी त्याहून चांगला आकार मी तरी पाहिला नाही.

फिजिओ_सदर

मनीषनगर ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून वजनापेक्षा अंगठ्याबद्दल बोलते.

अंगठ्याकडून मनगटात येणारं दुखणं टॅब अन् मोबाईलवाल्यांमध्ये आम्ही खूप पाहतो. अंगठा बाहेर ताणणाऱ्या दोन शिरा (म्हणजे टेंडन) मनगटापाशी एका अरुंद बोगद्यातून जातात, अंगठा सारखा ताणून घट्ट धरला की तिथं सूज येते, त्याला डी क्वेर्व्हेन म्हणतात. बाळाला सारखं उचलणाऱ्या नवीन आयांनाही हेच होते. घरी अंदाज घ्यायचा तर बाबांना अंगठा मुठीत घालून मूठ बंद करायला सांगा अन् मनगट हळूच करंगळीकडे झुकवायला सांगा, जोर लावायचा नाही. अंगठ्याच्या बाजूनं चटकन कळ आली तर शंका घ्यायला जागा आहे. पण या वयात अंगठ्याच्या बुडाच्या सांध्याची झीजही असते अन् ती पण तिथंच दुखते, त्यामुळे एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवाच. बोटं बधिर होत असतील किंवा पकड सुटत असेल तर उशीर करू नका.

आता धरण्याबद्दल. टॅब धरताना आपण तळवा अन् बोटं मागे अन् अंगठा पुढे असा चिमटा काढतो. हा चिमटाच त्रासाचं मूळ. चिमटा न काढता टॅब तळहातावर टेकवता आला पाहिजे. मांडीवर एक जाड उशी, उशीवर टॅबची खालची कड, अन् हातानं फक्त मागून टेका, म्हणजे वजन उशी घेते, हात नुसता सोबत असतो. बाबांना हातात धरल्यासारखंही वाटेल. माझ्या पेशंटमध्ये ज्यांना स्टँड अजिबात नको असतो त्यांना मी हेच सांगते अन् बहुतेकांना पटते. कोपरं मात्र हवेत नको, दोन्ही बाजूंना लोड किंवा तक्क्या ठेवा.

मानेकडेही पाहा. हार्वर्डच्या पब्लिक हेल्थवाल्यांचा २०१२ चा एक अभ्यास आहे, लोकांना टॅब मांडीवर, टेबलावर, वेगवेगळ्या तिरकेपणात वापरायला देऊन मान किती वाकते ते मोजलं होतं. मांडीवर ठेवला की मान सगळ्यात जास्त वाकायची अन् टेबलावर जास्त उभा करून ठेवला की जवळपास सरळ राहायची. म्हणून मांडीवरची उशी पातळ नको, चांगली उंच हवी, टॅब छातीच्या उंचीला आला पाहिजे. अन् आडवं पडून, टॅब तोंडाच्या वर धरून वाचणं पूर्ण बंद करा. त्यात खांदे दुखतात ते वेगळंच, पण डुलकी लागली की पावणेआठशे ग्रॅम थेट नाकावर नाहीतर डोळ्यावर, अन् मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्याला मार लागणं आपल्याला परवडणार नाही.

अभ्यासिका_त्रिमूर्तीनगर

मी एमपीएससी करून राहिलो, दिवसभर टॅबवरच पीडीएफ वाचतो त्यामुळे या विषयावर मला बोलायचंच आहे. धरमपेठ भाऊंचं ८ इंचीचं म्हणणं मला पटत नाही, कमीत कमी काकांसाठी तरी नाही. ए४ कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो. ११ इंची स्क्रीन उभी धरली तर रुंदी पंधराच्या आत येते, म्हणजे पान सत्तर टक्क्यांवर. ८.७ इंचीवर तेच पान सव्वाअकरा सेंटिमीटरमध्ये कोंबलं जाते, म्हणजे निम्म्याहून थोडंसंच जास्त. अन् पेपरचं पान तर ए४ पेक्षा कितीतरी मोठं. मग सारखं दोन बोटांनी मोठं करा, सरकवा, परत लहान करा, यात हाताला कुठला आराम? त्यापेक्षा ई-पेपरच्या ॲपमध्ये बातमीवर टच केलं की ती वेगळी उघडते अन् बऱ्याच ठिकाणी मजकूर मोठा करता येते, काकांना ते शिकवा, मग टॅब उभा धरूनही चालेल.

मी स्वतः मागे चिकटवायचा हँड स्ट्रॅप वापरतो. इलॅस्टिकचा पट्टा असतो, त्यात चारही बोटं घालायची, टॅब तळहाताला चिकटून राहतो अन् अंगठा मोकळा. पट्टा मधोमध लावायचा, कडेला नाही, म्हणजे वर दादांनी सांगितलेलं ते अंतरच संपते. बर्डीवर मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानांत मिळते, घेताना टॅबची साइज सांगा, मोबाईलवाला छोटा पट्टा घेऊ नका.

धरमपेठ_कट्टा

भाऊ, अक्षरांचा मुद्दा बरोबर आहे, मी फक्त कादंबऱ्या वाचतो म्हणून मला मिनी पुरतो. कादंबरीत अक्षर पाहिजे तेवढं मोठं करता येते, पीडीएफमध्ये नाही. काका पुस्तकं वाचत असतील तर किंडलचंही (ॲमेझॉनचं पुस्तकं वाचायचं यंत्र) पाहा, त्यातला पेपरव्हाइट २१० ग्रॅमच्या आसपास भरतो, मराठी पुस्तकं मिळतात, डोळ्यालाही बरा. ई-पेपर अन् कीर्तन मात्र त्यावर नाही.

महाल_१९७०

माझं वय तुमच्या बाबांच्या जवळपासचं, म्हणून लिहितो. कव्हर काढा असं सगळे म्हणत आहेत, पण उघडा टॅब हातातून सटकतो. मागची बाजू गुळगुळीत, आपल्याकडे मे महिन्यात कूलर लावला की खोलीत दमट, तळहाताला घाम, अन् सटकेल या भीतीनं माणूस अजूनच घट्ट धरतो. घट्ट धरला की अंगठा दुखतो. मी जाड कव्हर टाकून सिलिकॉनचं पातळ घेतलं, वजनात नावाला वाढ झाली पण पकड एकदम सैल झाली अन् फरक मला पहिल्याच आठवड्यात कळला.

अन् उन्हाळ्यात चार्जिंगला लावून वाचायचं नाही. टॅब, मोबाईल साधारण ३५ डिग्रीपर्यंतच्या हवेत वापरायला असतात अन् आपल्या खोलीत दुपारी पंख्याखाली त्याहून जास्त असते. मग मागचा पत्रा असा तापतो की हात सारखा जागा बदलत राहतो, ते पण दुखण्याचं एक कारण आहे. दुपारचं कीर्तन असेल तर मुलीनं ते टीव्हीवर लावून द्यावं, टॅबला अन् हाताला दोघांनाही विश्रांती.

मनीषनगर_वाली

काका, टीव्हीचं मला सुचलंच नव्हतं, आज भावाला जोडून द्यायला सांगते. फिजिओ ताई, मुठीचं करून पाहिलं, कळ येते, थोडी सूजपण दिसते, तर सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली. जाड कव्हर काढलं, पातळ सिलिकॉनचं अन् पट्टा दोन्ही आणायचंय. फक्त एक विचारते, सिलिकॉनच्या कव्हरवर तो चिकटवायचा पट्टा टिकतो का? निघून आला तर टॅब पडायचा.

अभ्यासिका_त्रिमूर्तीनगर

नाही टिकत ताई, सिलिकॉनवर गोंद धरतच नाही, दोन दिवसांत निघतो. त्यासाठी पट्टा आतच शिवलेलं कव्हर मागा, किंवा चार कोपऱ्यांना अडकणारा इलॅस्टिकचा पट्टा मिळतो तो घ्या, त्याला गोंद लागत नाही. घेताना टॅब सोबत न्या अन् दुकानातच काकांना हातात धरून पाहायला लावा, डावा अन् उजवा दोन्ही हात, कारण डावा हात बरा होईपर्यंत उजव्यातच धरावा लागेल. अन् कव्हर आधी वजनकाट्यावर ठेवायला सांगा, शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या वर असेल तर दुसरं दाखवा म्हणा.