प्लाझ्मा टीव्हीच्या आतले बोर्ड कसे ओळखायचे? (४२ इंची, दोनदा कट्ट करून बंद)

खटका४२
नमस्कार मंडळी. ४२ इंची प्लाझ्मा आहे, मागचं झाकण काढलंय. रिमोट दाबला की रिले कट्ट वाजतो, तीन-चार सेकंदांत परत कट्ट आणि पुन्हा लाल दिवा. आवाज नाही, चित्र नाही.
मधला मोठा बोर्ड पॉवर सप्लाय, एवढं कळतं. मागून बघताना डावीकडे जाड हीटसिंकचा मोठा बोर्ड, उजवीकडे तसाच पण लहान, अगदी डाव्या कडेला दोन उभ्या पट्ट्या, तळाला दोन लांब आडव्या पट्ट्या, मध्ये एक छोटा बोर्ड आणि एचडीएमआयवाला एक. यातलं कोण काय? आणि प्रत्येकावर तीन-तीन स्टिकर आहेत, मागवायचा झाला तर कुठला नंबर धरायचा?

डाखवाला
आकारावर जाऊ नका, पट्टीकेबल कुठे जाते ते बघा. तुमच्यासारख्या सेटमध्ये काचेला तीन बाजूंनी जोडणी असते: डावी कड, उजवी कड आणि तळ. एकदा हे धरलं की नाव आपोआप सापडतं.

डाव्या कडेच्या उभ्या पट्ट्या म्हणजे वाय बफर, काही जण स्कॅन बोर्ड म्हणतात. काचेतल्या आडव्या रांगा एकेक करून निवडायचं काम यांचं. त्यांना लागणारे उंच व्होल्टचे पल्स शेजारचा मोठा हीटसिंकवाला बोर्ड बनवतो, तो वाय-सस्टेन. उजवीकडचा त्याचा जोडीदार, त्याच रांगांच्या दुसऱ्या इलेक्ट्रोडला धक्का देणारा. त्याला रांग निवडायची नसते, सगळ्यांना एकदम हाणायचं असतं, म्हणून भाग कमी आणि बोर्ड लहान.

तळाच्या आडव्या पट्ट्या ॲड्रेस बोर्ड, म्हणजे उभे रकाने. मधला छोटा तो लॉजिक किंवा कंट्रोल बोर्ड: मेन बोर्डाकडून चित्राची एक केबल त्यात येते आणि बारीक पट्ट्या बाकी सगळ्यांकडे जातात. एचडीएमआयवाला मेन बोर्ड.

आता नावांचा घोळ. सॅमसंग उजवीकडच्या सस्टेनला एक्स-मेन म्हणतं. एलजी त्यालाच झेड-सस म्हणतं आणि 'एक्स बोर्ड' हे नाव तळाच्या ॲड्रेस पट्ट्यांना देतं. 'एक्स बोर्ड पाहिजे' एवढंच सांगून मागवलं तर भलताच तुकडा हातात येतो. पॅनासॉनिकची तऱ्हा तिसरीच: एससी म्हणजे वाय-सस्टेन, एसयू आणि एसडी म्हणजे वरचा आणि खालचा बफर, एसएस उजवीकडचा, सी१-सी२ तळाचे, ए मेन आणि पी पॉवर सप्लाय.

आणखी एक. आपण मागून बघतो, चित्र समोरून दिसतं. समोरून उजवीकडे उभा काळा पट्टा असेल तर त्याचा ॲड्रेस बोर्ड मागून डावीकडे असतो. चुकून चांगलाच बोर्ड काढला जातो त्याचं हे सगळ्यात साधं कारण.

भंगारमधलं_सोनं
स्टिकरचं सांगतो. बोर्डावर दोन जातींचे नंबर असतात: एक नुसत्या छापील पाटीचा, दुसरा भाग बसवलेल्या तयार बोर्डाचा. मागवताना दुसरा लागतो.

एलजी: बोर्डावरच छापलेला ईएएक्स हा रिकाम्या पाटीचा. स्टिकरवरचा ईबीआर हा तयार बोर्डाचा. पॉवर सप्लाय ईएवाय.
सॅमसंग: पॅनलच्या बोर्डांवर एलजे४१ छापलेला असतो तो पाटीचा, स्टिकरवरचा एलजे९२ खरा. पॉवर सप्लाय बीएन४४. मेनवर बीएन४१ पाटी, बीएन९४ तयार बोर्ड.
पॅनासॉनिक: टीएनपीए छापलेला असतो, तयार संचाचा नंबर टीएक्सएनने सुरू होतो.

एकाच पाटीवर वेगवेगळ्या पॅनलसाठी वेगळे भाग बसवलेले असतात. म्हणून ईएएक्स जुळला, ईबीआर नाही जुळला, तर लगेच पैसे देऊ नका, पर्यायी नंबर आहे का ते आधी तपासा.

टीव्हीच्या मॉडेल नंबरावरही विसंबू नका. एकाच मॉडेलमध्ये दोन वेगळे पॅनल आलेले आहेत. पत्र्याच्या चासीवर पॅनलचं वेगळं लेबल असतं, त्याचा फोटो आधी काढा. त्यावर व्हीएस (सस्टेनचा व्होल्टेज), व्हीए (ॲड्रेसचा) आणि स्कॅनचे व्होल्ट त्या काचेपुरते लिहिलेले असतात, आणि बोर्ड बदलल्यावर तेच लागतात.

कोल्डग्राउंड
हात घालायच्या आधी हे वाचा.

पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कॅपॅसिटरवर ३८० ते ४०० व्होल्ट डीसी असतात. प्लग काढल्यावरही राहतात. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी उडवू नका. २.२ किलोओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी वीस सेकंद लावा आणि मग मीटरने खात्री करा. मेन्सकडच्या, म्हणजे घरच्या विजेच्या बाजूच्या, भागातले हीटसिंक चासीला जोडलेले नसतात, त्यांनाही लाईव्ह समजा. त्या भागाचं ग्राउंड वेगळं, त्यामुळे मीटरचा काळा प्रोब चासीला धरून तिथलं मोजलं तर आकडा खोटा येतो.

तीच गंमत वाय बफरवर. त्याचं ग्राउंड तरंगतं असतं, चासी नव्हे, आणि टीव्ही चालू असताना ते पल्सबरोबर वरखाली उडत असतं. स्कॅनचा व्होल्टेज बोर्डावरच्या तरंगत्या ग्राउंडच्या पॉइंटाशी मोजायचा, तोही प्रोब आधी क्लिपने लावून मग टीव्ही चालू करून. ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप तिथे लावलीत तर बोर्डही जाईल.

तळाच्या बोर्डांतून काचेकडे जाणाऱ्या तपकिरी फिल्मला ओढ बसू देऊ नका. त्यावर चिप असते आणि फिल्म काचेला चिकटवलेली असते. फाटली की पॅनल गेला, डाख देऊन जोडता येत नाही.

आता तुमचा दोष. दोन कट्ट म्हणजे बहुधा सप्लाय सुरू होतो, कुठेतरी शॉर्ट दिसतो आणि तो स्वतःला बंद करतो. प्लग काढा, कॅपॅसिटर रिकामे करा, दोन्ही सस्टेन बोर्डांचे पॉवर कनेक्टर काढा आणि बोर्डाच्या बाजूला व्हीएस ते चासी ओहम मोजा.

खटका४२
मोजलं. डावा मोठा: ०.६ ओहम, प्रोब उलटे केले तरी तेच. उजवा: मीटर वाढत वाढत किलोओहममध्ये जातो. डाव्यावरचा चिनी मातीचा छोटा फ्यूज उडालेला आहे, शॉर्ट फ्यूजच्या पुढच्या बाजूला. फ्यूज बदलून बघू का?

कोल्डग्राउंड
नको. फ्यूज कारण नाही, परिणाम आहे. ०.६ म्हणजे वाय-सस्टेनवरचे मॉसफेट किंवा आयजीबीटी (पल्स चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) आरपार शॉर्ट. नवीन फ्यूज पहिल्याच कट्टला जाईल.
एक कोडं मात्र उरतं: फ्यूज उडाला म्हणजे तो शॉर्ट सप्लायपासून तुटला. तरीही सप्लाय बंद का पडतो? कारण दुसऱ्या लाइनवर भार असेल, किंवा वाय-सस्टेन परत पाठवतो ती 'ठीक आहे' खूण मिळत नसेल. म्हणून सप्लाय एकटा तपासा. अमेरिकी मॅन्युअलमध्ये लोड म्हणून व्हीएसवर १०० वॅटचे दोन दिवे सिरीजमध्ये सांगतात, ते तिकडच्या १२० व्होल्टच्या दिव्यांमुळे. आपल्याकडचा २३० व्होल्टचा १०० वॅट पिवळा दिवा एकटा पुरतो. एलईडी चालणार नाही. लेबलवरच्या व्हीएसपासून एक-दोन व्होल्टच्या आत स्थिर राहिला तर सप्लाय बरा.

डाखवाला
आणि नवा वाय-सस्टेन लावायच्या आधी बफर तपासा. ही पायरी टाळली की नवा बोर्ड दहा मिनिटांत जुन्याच्या वाटेने जातो. दोन्ही पट्ट्या सुट्या करा, मीटर डायोडवर ठेवा, लाल प्रोब तरंगत्या ग्राउंडवर आणि काळा काचेकडे जाणाऱ्या एकेका पिनवर. सगळ्या पिनांचा आकडा सारखा यायला हवा, साधारण ०.४ ते ०.६. एखाद्या पिनवर शून्य आलं तर त्या बफरवरचा तो आयसी शॉर्ट. बोटाने चाचपडून बघा, कधी आयसीवर बारीक फोड किंवा छिद्रही दिसतं. चाचणीला टीव्ही चालवायचा तर दोन्ही बफर लावा किंवा दोन्ही काढा. एक लावून एक काढू नका.

भंगारमधलं_सोनं
बड्या कंपन्यांनी २०१४ पर्यंत प्लाझ्मा बंद केले, त्यामुळे मिळतो तो बोर्ड बहुतेक फुटक्या काचेच्या सेटमधला असतो. विकणाऱ्याकडून घेताना व्हीएस ते ग्राउंड मीटर लावूनच घ्या, मिनिटाचं काम आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या गल्लीत सुटे मॉसफेट मिळतील, पण शॉर्ट झालेला एकच न बदलता समांतर लावलेली सगळी ओळ बदला, आणि त्यांचे गेटचे रेझिस्टर आणि ड्रायव्हर आयसीही मोजा. नाहीतर नवे फेट लगेच जातात.
बोर्ड बसला की उणे-व्हीवाय (वाय बाजूचा उणे व्होल्टेज) आणि स्कॅनचे छोटे प्रिसेट, म्हणजे पेचकसाने फिरवायचे रेझिस्टर, लेबलवरच्या आकड्याला आणा. ते मागच्या काचेला जुळवलेले असतात, तुमच्या नव्हे. तसंच ठेवलं तर चित्र येतं, पण काळ्या भागात लाल-हिरवे ठिपके उडत राहतात आणि माणूस उगाच चांगला बोर्ड परत द्यायला जातो.

खटका४२
वरच्या बफरच्या सलग चार पिनांवर ०.००. खालचा सगळा ०.५१. सप्लाय दिव्यावर स्थिर आहे. म्हणजे वाय-सस्टेन आणि वरचा बफर, दोन्ही मागवतो. ईबीआर नंबर लिहून घेतलेत.

डाखवाला
बरोबर. बफर मागवताना वरचा की खालचा हे लिहायला विसरू नका, दोघांचे नंबर वेगळे असतात.